बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया आणि पीसीओएस

अतिस्थूल व्यक्तीचे वजन घटवण्यासाठी जठरावर, आणि काही प्रकारांत लहान आतड्यावरही, केली जाणारी बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (पीसीओएस) या स्त्रियांमधील संप्रेरकांच्या विकाराची लक्षणे बऱ्याच अंशी कमी करते. गंमत अशी की तिच्यात अंडाशयाला हातही लावला जात नाही. 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी या विकाराचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी दोन्ही अंडाशयांची पाचर कापून काढण्याचा उपाय केला होता. त्यांच्या सातही रुग्णांची पाळी परत आली, दोघींना दिवस राहिले. दोष अंडाशयातच आहे, अशी समजूत त्यातून पुढे बराच काळ टिकली.

आता लक्ष इन्शुलिनकडे वळले आहे. पीसीओएसमध्ये पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते जास्त बनवते. हे जादा इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके (अँड्रोजेन) अधिक तयार करायला लावते. शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात बनते, त्याचे प्रमाणही इन्शुलिनमुळे घटते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. अंडाशयातल्या बीजपुटिका (ज्यांत स्त्रीबीज वाढते त्या पिशव्या) अर्धवट वाढून थांबतात, पाळी लांबते किंवा चुकते, चेहऱ्यावर केस व मुरमे येतात. वजन वाढले की हे चक्र आणखी घट्ट होते. पीसीओएस असलेली प्रत्येक स्त्री मात्र स्थूल नसते. सडपातळ रुग्णांसाठी ही शस्त्रक्रिया नाही.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी केली जाते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी बनवून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. आहार एकदम कमी होतो, आतड्यातून स्रवणारी संप्रेरकेही बदलतात. त्यामुळे वजन फारसे उतरण्याआधीच, काही दिवसांत, इन्शुलिनची पातळी खाली येऊ लागते.

लक्षणे मात्र एकाच वेगाने हटत नाहीत. पाळी आणि बीजमोचन (अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे) सहसा आधी सुधारतात, बरेचदा पहिल्या काही महिन्यांतच. लंडनमध्ये झालेल्या बॅम्बिनी चाचणीत (2024) पीसीओएस व स्थूलता असलेल्या 80 स्त्रियांपैकी निम्म्यांची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, बाकीच्यांना औषधोपचार व आहार-व्यायामाचे मार्गदर्शन मिळाले. 52 आठवड्यांत बीजमोचनाची मध्यक संख्या पहिल्या गटात 6, दुसऱ्यात 2 होती. टेस्टोस्टेरॉनही उतरते, पण हनुवटीवरचे केस चिवट असतात: एकदा जाड, काळा झालेला केस संप्रेरके कमी झाली म्हणून पुन्हा लव होत नाही. त्यासाठी लेसर किंवा इलेक्ट्रोलिसिसची गरज उरतेच. त्यात शस्त्रक्रियेनंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात डोक्यावरचे केस गळू लागतात. ही गळती बहुधा तात्पुरती असते, पण केसांच्याच तक्रारीने आलेल्या रुग्णाला ते आधी सांगायला हवे.

बीजमोचन लवकर परतते, यातच एक धोका आहे. ‘आपल्याला दिवस राहत नाहीत’ असे वर्षानुवर्षे गृहीत धरलेल्या स्त्रीला नेमके वजन झपाट्याने उतरत असताना, शरीरात लोह, फोलेट, बी12 यांची कमतरता असताना गर्भ राहू शकतो. त्यामुळे 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देतात. बायपासनंतर तोंडावाटे घेतलेल्या गोळ्यांच्या शोषणाची खात्री नसल्याने कॉपर टीसारखे साधन सुचवले जाते. पुढे राहिलेल्या गर्भारपणात मधुमेहाचा धोका कमी असतो; मूल कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता मात्र थोडी वाढते. गरोदरपणातली ग्लुकोजचे पाणी पिऊन करायची नेहमीची तपासणीही बायपास झालेल्या स्त्रीला सोसत नाही. साखर आतड्यात झपाट्याने उतरून घाम, धडधड, चक्कर असा त्रास होतो, म्हणून त्याऐवजी काही दिवस घरच्या घरी बोटातून रक्त घेऊन साखर मोजतात.