ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील लोकर उत्पादन

युरोपीय वसाहतींबरोबर या दोन शेजारी देशांत रुजलेला आणि दीर्घकाळ दोन्हींच्या निर्यातीत अग्रस्थानी राहिलेला पशुपालन व्यवसाय. ऑस्ट्रेलियात मुख्यतः मेरिनो मेंढीची तलम लोकर, तर न्यूझीलंडमध्ये रोमनी व तत्सम मेंढ्यांची जाडीभरडी लोकर निघते. मेरिनोच्या तंतूचा व्यास साधारणपणे २४ मायक्रॉनच्या आत असतो. रोमनीचा ३० च्या पुढे जातो. पहिलीचे कपडे होतात, दुसरीचे बव्हंशी गालिचे. त्यामुळे केवळ वजनाच्या आकड्यांवरून केलेली तुलना फसवी ठरते. शिवाय आकडे बहुधा न धुतलेल्या लोकरीचे दिले जातात. मेरिनो लोकरीत मेण व धूळ जास्त असल्याने धुतल्यावर तिचे वजन संकरित मेंढ्यांच्या जाड लोकरीपेक्षा अधिक घटते.

ऑस्ट्रेलियात १७८८ मध्ये आलेल्या पहिल्या मेंढ्या दक्षिण आफ्रिकेतील केप ऑफ गुड होपच्या होत्या व मुख्यतः मांसासाठी होत्या. मेरिनोचे आगमन १७९७ चे मानतात. स्पेनच्या राजाकडून हॉलंडच्या राजघराण्याला मिळालेल्या मेंढ्यांपैकी काही केपमधील सेनाधिकारी रॉबर्ट जेकब गॉर्डन याच्याकडे होत्या. त्याच्या मृत्यूनंतर हेन्री वॉटरहाउस व विल्यम केंट या नौदल अधिकाऱ्यांनी त्या स्पॅनिश कळपाच्या वंशातील मेंढ्या विकत घेऊन सिडनीला आणल्या. वॉटरहाउसकडून त्या सेनाधिकारी जॉन मॅकार्थर, धर्मोपदेशक सॅम्युएल मार्सडन इत्यादींकडे गेल्या. पुढे लंडनजवळील क्यू येथील राजाच्या कळपातील मेरिनो मॅकार्थरने लिलावात घेतल्या व १८०५ मध्ये वसाहतीत आणल्या. जुने ग्रंथ या उद्योगाचे जनकत्व एकट्या मॅकार्थरला देतात. नंतरच्या अभ्यासकांना हे मत एकांगी वाटते व ते सयुक्तिक दिसते. मार्सडनने पैदाशीचे प्रयोग त्याच काळात चालविले होते, आणि मॅकार्थर १८०९ ते १८१७ इंग्लंडमध्ये असताना कळपाची व्यवस्था त्याची पत्नी एलिझाबेथ हिने पाहिली. आजच्या ऑस्ट्रेलियन मेरिनोत मॅकार्थरच्या कळपाचे रक्त किती, हाही वादाचा मुद्दा आहे. १८२० च्या दशकापासून आलेल्या सॅक्सनी (जर्मनीतील मेरिनो) मेंढ्या आणि १८५८ नंतर न्यू साउथ वेल्सच्या रिव्हरिना प्रदेशातील वॉंगनेला येथे पेपिन कुटुंबाने तयार केलेला, रुक्ष मैदानांत टिकणारा धिप्पाड वाण यांचा वाटा मोठा आहे.

न्यूझीलंडमध्ये कॅप्टन कुकने १७७३ मध्ये उतरविलेली मेंढ्यांची जोडी काही दिवसांतच मेली. पहिला टिकाऊ कळप १८३४ च्या सुमारास माना बेटावर आला असे मानतात. १८४० च्या दशकात उत्तर बेटाच्या वाइरारापा भागात मेंढवाडे सुरू झाले. सुरुवातीच्या मेंढ्या प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातून आणलेल्या मेरिनोच होत्या. म्हणजे एका पिढीपुरते दोन्ही देश एकाच प्रकारची लोकर पिकवीत होते. उत्तर बेटाच्या ओल्या कुरणांत मात्र मेरिनोचे खूर कुजत. निर्णायक बदल १८८२ चा : ‘डनिडिन’ हे जहाज पोर्ट चाल्मर्सहून गोठविलेले मांस घेऊन लंडनला पोहोचले. त्यानंतर कोकराच्या मांसाला भाव आला, लोकर दुय्यम झाली आणि रोमनीने मेरिनोला दक्षिण बेटाच्या उंच कोरड्या डोंगराळ भागात रेटले. कॉरिडेल ही जात या संक्रमणकाळातील संकराचे फळ.

ऑस्ट्रेलियातील चढउतार मुख्यतः पावसाशी निगडित आहेत. १८९१ च्या सुमारास मेंढ्यांची संख्या १० कोटींवर होती. १९०२ च्या दुष्काळाअखेर ती जवळजवळ निम्मी झाली. १९५०-५१ मध्ये कोरियन युद्धामुळे दोन्ही देशांत भाव कडाडले. १९७० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सु. १८ कोटी, तर १९८२ मध्ये न्यूझीलंडमध्ये ७ कोटींहून अधिक मेंढ्या होत्या.

यानंतरची घसरण दोन्हीकडे सरकारी हस्तक्षेपाशी जोडली जाते. न्यूझीलंडमध्ये १९६६ अखेर भाव कोसळले तेव्हा लोकर आयोगाने न विकलेला माल स्वतः घेतला. १९७८ पासून सरकारने शेतकऱ्यांना दिलेल्या पूरक किमान किमतींनी कळप फुगले. १९८४ नंतर अनुदाने बंद होताच ते आटू लागले. ऑस्ट्रेलियातील लोकर महामंडळाची आधारभूत किंमत किलोला ८७० सेंटपर्यंत गेली, १९९० मध्ये ७०० वर आणली गेली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये योजनाच सोडून द्यावी लागली. तोवर सु. ४७ लाख गासड्या साठल्या होत्या. शेवटची विकायला २००१ उजाडले. १९८९-९० मध्ये १० लाख टनांवर असलेले ऑस्ट्रेलियाचे उत्पादन आता साडेतीन लाख टनांच्याही खाली आहे. न्यूझीलंडमध्ये मेंढ्याच अडीच कोटींहून कमी उरल्या असून, जाड लोकरीला कृत्रिम धाग्यांनी इतके मागे सारले की अनेकदा कातरणीचा खर्चही निघत नाही.

कातरणी करणाऱ्या मजुरांची ये-जा दोन्ही देशांत जुनीच आहे. न्यूझीलंडच्या मजुरांनी आणलेल्या रुंद फणीच्या कातरयंत्रावरून १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात मोठा संप झाला. अखेर रुंद फणीच टिकली. माश्यांच्या अळ्यांपासून बचावासाठी कोकरांच्या शेपटीभोवतालची कातडी कापण्याची प्रथा न्यूझीलंडने २०१८ मध्ये कायद्याने बंद केली. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय पातळीवर तशी बंदी नाही.

भारत दोन्हींचा ग्राहक आहे : सुटिंगच्या गिरण्यांना ऑस्ट्रेलियन मेरिनो लागते, भदोहीसारख्या गालिचा केंद्रांना न्यूझीलंडची लोकर. दख्खनी मेंढीची घोंगडीची लोकर या व्यापाराबाहेरच राहिली आहे.