डिस्क विभाजन, जुन्या वैयक्तिक संगणकांवरील

डिस्क विभाजन : एका हार्ड डिस्कचे स्वतंत्र भाग (पार्टिशन) पाडणे, त्या भागांच्या सीमा डिस्कवरच नोंदवणे आणि पुढे गरजेप्रमाणे त्या सरकवणे. सी, डी, ई हे ड्राइव्ह सर्वांच्या परिचयाचे असल्याने त्यांच्या रोजच्या वापराचे वर्णन येथे केलेले नाही. बायोसवर (संगणक चालू करताच प्रथम चालणारी, मदरबोर्डवरची आज्ञावली) चालणाऱ्या, म्हणजे ढोबळमानाने १९८३ ते २०१० या काळातल्या संगणकांवर पार्टिशनचे सॉफ्टवेअर सुरक्षितपणे कसे वापरावे, एवढाच या नोंदीचा विषय आहे. स्थानिक संदर्भ ठाणे व नवी मुंबईचे आहेत.

विभाजन-तक्ता : डिस्कवरच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये (एका वेळी वाचता-लिहिता येणारा सर्वांत लहान तुकडा) मास्टर बूट रेकॉर्ड (एमबीआर) असतो. त्याचे पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आज्ञावलीसाठी, पुढचे ६४ बाइट तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट ‘५५ एए’ या खुणेसाठी असतात. तक्त्यात १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात. भाग कोठे सुरू होतो, किती सेक्टरांचा आहे, कोणत्या प्रकारचा आहे (उदा., ०६ फॅट१६ व ०७ एनटीएफएस या फाइली मांडण्याच्या पद्धती, ८३ लिनक्स) आणि संगणक त्यावरून सुरू व्हायचा की नाही, हे प्रत्येक नोंदीत लिहिलेले असते. चारांहून अधिक भाग हवे असतील तर एक नोंद एक्स्टेंडेड पार्टिशनला देऊन त्याच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह पाडतात. ही सोय डॉस ३.३ (१९८७) पासून आहे. लॉजिकल ड्राइव्हचा तपशील पहिल्या सेक्टरमध्ये नसतो. प्रत्येकाच्या आधी त्याचा स्वतःचा लहान तक्ता असतो आणि तो पुढच्याचा पत्ता सांगतो. मधला एक तक्ता बिघडला की त्यापुढचे सगळे ड्राइव्ह एकदम दिसेनासे होतात. आपल्याकडे जुळवून विकलेल्या पुष्कळ संगणकांत डी, ई, एफ हे लॉजिकल ड्राइव्हच असत. त्यामुळे ‘एमबीआरची कॉपी काढून ठेवा’ हा नेहमीचा सल्ला अपुरा आहे.

उगम : आयबीएमने मार्च १९८३ मध्ये १० मेगाबाइट डिस्कचा पीसी एक्सटी बाजारात आणला. त्याच्यासोबत आलेल्या पीसी डॉस २.० मध्ये एफडिस्क ही आज्ञा होती. वैयक्तिक संगणकावरील विभाजनाचा आरंभ म्हणून सामान्यतः हेच वर्ष दिले जाते. तक्त्याची रचना आयबीएममधील डेव्हिड लिटन यांनी जून १९८२ मध्ये केली, असाही उल्लेख आढळतो. रचना आधी आणि प्रकाशन नंतर असे मानल्यास दोन्ही विधाने एकत्र नांदू शकतात. नोंदी चारच का, याविषयी दोन मते दिसतात. एका डिस्कवर डॉस, सीपी/एम-८६, झेनिक्स अशा निरनिराळ्या प्रणाली ठेवता याव्यात आणि प्रत्येकीला एक भाग मिळावा, हा हेतू होता असे एक मत. एका सेक्टरमध्ये आज्ञावली व तक्ता दोन्ही बसवायचे असल्याने जागाच तेवढी उरली, असे दुसरे. सुरुवातीचा एफडिस्क डॉससाठी एकच भाग पाडू देत असे आणि उरलेली जागा इतर प्रणालींना सोडत असे. ते पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

असाच वाद पहिले पार्टिशन सेक्टर क्रमांक ६३ पासून का सुरू होते, याविषयी आहे. मधले ६२ सेक्टर भावी उपयोगासाठी मुद्दाम राखले, असे काही जण लिहितात. पुढे ग्रबसारख्या बूटलोडरांनी (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारी आज्ञावली) व डिस्क मॅनेजरांनी (बायोसला न पेलणारी मोठी डिस्क चालवणारी आज्ञावली) ही जागा खरोखर वापरली, म्हणून हे मत रुजले असावे. प्रत्यक्षात प्रत्येक भाग नव्या ट्रॅकवर (तबकडीवरील वर्तुळाकार पट्टा) सुरू करण्याचा प्रघात होता आणि एक ट्रॅक ६३ सेक्टरांचा मानला जाई. रिकामी जागा हा त्या प्रघाताचा आनुषंगिक परिणाम असण्याची शक्यता जास्त.

भूमितीचा प्रश्न : जुन्या संगणकावर पार्टिशन बिघडण्याचे कारण शोधताना दोष बहुधा सॉफ्टवेअरला दिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते खरे कारण वेगळे आहे. एकच डिस्क बायोस एका मापाने मोजतो, ऑपरेटिंग सिस्टीम दुसऱ्या आणि पार्टिशनचे सॉफ्टवेअर तिसऱ्या. ही मापे जुळत नसताना तिघांपैकी कोणीही काही लिहिले की डेटा धोक्यात येतो.

याचे मूळ पत्ता लिहिण्याच्या पद्धतीत आहे. बायोसची डिस्क-सेवा सिलिंडरसाठी (सर्व तबकड्यांवरचे एकाखाली एक येणारे ट्रॅक) १०, हेडसाठी (तबकडीची बाजू वाचणारे टोक) ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट देत असे. सेक्टर १ पासून मोजत, म्हणून ६४ ऐवजी ६३. आयडीई (जुन्या रुंद पट्टीसारख्या केबलने जोडायच्या) डिस्कची स्वतःची वाटणी मात्र सिलिंडर १६, हेड ४ व सेक्टर ८ बिट अशी होती. दोन्हींतला लहान आकडा घ्यावा लागल्याने १,०२४ × १६ × ६३ सेक्टर, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट एवढीच डिस्क वापरता येई. नव्वदीच्या दशकात अनेकांना आडवी आलेली ‘५२८ मेगाबाइटची मर्यादा’ ती हीच. त्यावर उपाय म्हणून बायोस डिस्कची खोटी भूमिती, म्हणजे सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे खोटे आकडे, सांगू लागला. हेड १६ ऐवजी २५५ दाखवायचे आणि सिलिंडर त्या प्रमाणात कमी. २५६ का नाही, तर एमएस-डॉस २५६ हेड सांगितल्यावर अडखळत असे. या युक्तीने मर्यादा सु. ८.४ गीगाबाइटवर गेली.

ही खोटी भूमिती कोणती, हे बायोसमधल्या नॉर्मल, लार्ज किंवा एलबीए (सेक्टरांना सलग क्रमांक देण्याची पद्धत) या निवडीवर ठरते आणि ती निवड मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ सेलच्या जोरावर टिकते. सेल संपला की तारीख मागे जाते, हे सर्वांच्या लक्षात येते. डिस्कची निवडही मूळपदावर जाऊ शकते, हे लक्षात येत नाही. एलबीएमध्ये पाडलेली पार्टिशन दुसऱ्या निवडीत उघडली की तक्ता चुकीचा भासतो. अशा वेळी सॉफ्टवेअर दुरुस्तीची तयारी दाखवते आणि ती स्वीकारणे घातक ठरते. म्हणून कोणतेही पार्टिशन सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी तारीख पाहावी. ती चुकलेली असेल तर सेल बदलून बायोसची निवड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

क्षमतेच्या मर्यादा : काही बायोस सु. ३३.८ गीगाबाइटपुढच्या डिस्कवर संगणकच सुरू होऊ देत नसत. विंडोज ९८ सोबतचा मूळ एफडिस्क ६४ गीगाबाइटपेक्षा मोठ्या डिस्कच्या आकारातून ६४ वजा करून दाखवतो. २८ बिटांच्या पत्त्याची मर्यादा १३७ गीगाबाइट. ती विंडोज एक्सपीला सर्व्हिस पॅक १ (२००२) पासून ओलांडता आली. विंडोज ९८ मध्ये या रेषेपलीकडे लिहू गेल्यास पत्ता फिरून डिस्कच्या आरंभी येऊ शकतो आणि तक्ताच पुसला जातो. डिस्क अर्धीअधिक भरेपर्यंत सगळे सुरळीत चालते, ही यातली फसगत. एमबीआरची शेवटची मर्यादा सु. २.२ टेराबाइट. ३ टेराबाइटची डिस्क ३२-बिट एक्सपीला बहुधा ७४६ गीगाबाइट दिसते. जीपीटी या एमबीआरनंतरच्या नव्या पद्धतीने विभागलेली डिस्क याच एक्सपीला एका अखंड संरक्षक भागासारखी दिसते. ती रिकामी समजून पुसू नये.

सॉफ्टवेअर : डॉसचा एफडिस्क पार्टिशन पाडतो व पुसतो, सरकवत नाही. डेटा न गमावता फॅट पार्टिशनचे दोन तुकडे करणारे फिप्स हे साधन नव्वदीच्या दशकात लिनक्सच्या सीड्यांवर मिळे. पॉवरक्वेस्ट कंपनीचे पार्टिशन मॅजिक या क्षेत्रात सर्वाधिक प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये सिमँटेकने ती कंपनी घेतली आणि आठव्या आवृत्तीनंतर विकास थांबला. मुक्त साधनांत ग्नू पार्टेड (१९९९) आणि त्यावर बेतलेले जीपार्टेड (२००४) ही मुख्य. हरवलेली पार्टिशन शोधण्यासाठी टेस्टडिस्क वापरतात. विंडोजमध्ये पार्टिशन आकसण्याची सोय व्हिस्टापासून आली.

व्हिस्टाने आणखी एक बदल केला. पार्टिशन सेक्टर ६३ ऐवजी २०४८ पासून, म्हणजे एक मेबिबाइटच्या हद्दीवर सुरू होऊ लागली. ४,०९६ बाइटांच्या सेक्टरच्या नव्या डिस्कना हे मानवते. जुन्या साधनांना मात्र अशी मांडणी सदोष वाटते. पार्टिशन मॅजिक ती पाहून एलबीए व सीएचएस (सिलिंडर-हेड-सेक्टर) मूल्ये जुळत नसल्याची तक्रार करते आणि ‘दुरुस्त करू का’ असे विचारते. उत्तर नेहमी ‘नो’ द्यावे. व्हिस्टा किंवा विंडोज ७ मध्ये पाडलेले लॉजिकल ड्राइव्ह एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून फेरफार केल्यावर नाहीसे होऊ शकतात. यावरून एक व्यवहार्य नियम निघतो : ज्या साधनाने तक्ता लिहिला त्याच्याच पिढीच्या साधनाने तो बदलावा.

‘एफडिस्क /एमबीआर’ ही आज्ञा अनेक तंत्रज्ञ सर्रास देत. ती एरवी आज्ञावलीच नव्याने लिहिते, पण ‘५५ एए’ खूण नसेल तर तक्ताही कोरा करते. डिस्क मॅनेजर टाकून मोठी डिस्क चालवलेली असेल तर ही आज्ञा देऊच नये.

कृती : मोठ्या बदलाआधी बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा. त्याच डिस्कच्या ई ड्राइव्हवर ठेवलेली प्रत या कामी बॅकअप ठरत नाही. मग चेकडिस्क चालवावे आणि डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच ठेवत असलेली आपल्या प्रकृतीची नोंद) पाहावी. खराब झाल्याने बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर पार्टिशन सरकवण्याचा विचार सोडून आधी डिस्क कॉपी करावी, कारण सरकवताना प्रत्येक ब्लॉक वाचावा व लिहावा लागतो. लिनक्सच्या सीडीवरून ‘एसएफडिस्क -डी’ दिल्यास लॉजिकल ड्राइव्हसह पूर्ण तक्ता मजकुराच्या फाइलमध्ये मिळतो. त्याची कागदावर छापील प्रतही ठेवावी. विंडोज हायबरनेट न करता पूर्ण बंद करावे. एका वेळी एकच बदल करावा, संगणक पुन्हा सुरू करून पाहावा, मगच पुढचा.

आधीचे पार्टिशन पुसल्याने क्रमांक बदलतात. एक्सपीच्या बूट.आयएनआय फाइलमधला पार्टिशन क्रमांक तसाच राहिला तर ‘एचएएल.डीएलएल सापडत नाही’ असा संदेश येतो आणि मालक विंडोज उडाले असे समजून फॉरमॅट मारायला सांगतो. एक अंक बदलणे पुरेसे असते. एनटीएफएसच्या बूट सेक्टरमध्येही आपल्या आधी किती सेक्टर आहेत याची नोंद असते, त्यामुळे पार्टिशनचा आरंभ सरकवणे हे शेवट सरकवण्यापेक्षा जोखमीचे.

जुन्या यंत्रांत यूएसबीवरून सुरू होण्याची सोय बहुधा नसते, सीडी लागते. डेबियन १३ (२०२५) पासून ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी कर्नेल व इन्स्टॉलर दिला जात नाही. त्यामुळे जीपार्टेडच्या आधीच्या ३२-बिट आवृत्तीची एक चाचणी केलेली सीडी जपून ठेवणे सोयीचे.

सी ड्राइव्ह भरला हे विभाजन बदलण्याचे सर्वांत सामान्य कारण. ४० गीगाबाइटच्या डिस्कवर सीला पाच-दहा गीगाबाइट देऊन उरलेली जागा गाणी-फोटोंना ठेवण्याची पद्धत होती आणि सर्व्हिस पॅकांनी ती जागा संपवली. पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यावर विंडोज वापरते ती फाइल) व ‘माय डॉक्युमेंट्स’ डी ड्राइव्हवर हलवून, हायबरनेशन बंद करून बहुतेकदा भागते. तसे भागत असेल तर पार्टिशनला हात लावण्याचे कारण उरत नाही.

ठाणे व नवी मुंबई : या परिसरात जुने संगणक टिकून राहण्याची कारणे बव्हंशी व्यावसायिक आहेत. लग्नपत्रिका, स्मरणिका व दिवाळी अंकांची जुनी पाने युनिकोडपूर्व मराठी फाँटांत व पेजमेकरमध्ये अडकलेली असतात. अशा काही सॉफ्टवेअरना प्रिंटर पोर्टवर बसणारे हार्डवेअर लॉक लागते आणि नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रबाळे, महापे, तुर्भे येथील लहान कारखान्यांत एखादे यंत्र जुन्या डॉस किंवा विंडोज ९८ च्या संगणकाशी जोडलेले असते, कारण त्याचे कार्ड जुन्या मदरबोर्डवरच्या आयएसए खाचेतच बसते. अशा संगणकावर पार्टिशन सरकवू नये. डिस्कची सेक्टरवार प्रत काढून ती दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि मूळ डिस्क कपाटात ठेवावी.

विजेचा प्रश्न येथे वेगळा नोंदवावा लागतो. २००५ च्या सुमारास व त्यानंतरच्या भारनियमनात मुंबई शहर वगळले गेले, ठाणे व नवी मुंबई मात्र महावितरणच्या क्षेत्रात होती. पार्टिशन मॅजिकचा भर नेमका त्याच वर्षांतला. एकाच आयडीई डिस्कवर वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला १० मेगाबाइट धरला तर ४० गीगाबाइट डेटा सरकवायला तासाहून अधिक लागतो. घरगुती ६०० व्हीए यूपीएस सीआरटी मॉनिटरसह काही मिनिटांतच मान टाकतो. मॉनिटर बंद ठेवून वेळ थोडा वाढवता येतो. दिवे जाण्याची वेळ पाहूनच काम काढावे, आणि हल्ली देखभालीसाठी जाहीर होणाऱ्या वीजबंदीच्या दिवशी ते टाळावे. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, रॅमचे व आयडीई केबलचे संपर्कबिंदू काळे पडतात. सदोष रॅममधून सरकलेला डेटा कोणतीही सूचना न देता बिघडतो, म्हणून आधी रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारे साधन) चालवलेला बरा.

चूक झाल्यास : पार्टिशन पुसणे म्हणजे तक्त्यातील १६ बाइट पुसणे. डेटा जागेवरच असतो. नवे पार्टिशन पाडू नये, फॉरमॅट करू नये, विंडोजने विचारलेल्या ‘इनिशियलाइझ’ला होकार देऊ नये. संगणक बंद करून डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडावी, तिची प्रत काढावी आणि टेस्टडिस्क त्या प्रतीवर चालवावे. सरकवणे अर्ध्यावर तुटले असेल तर मात्र टेस्टडिस्कचा फारसा उपयोग होत नाही. डेटाचा काही भाग जुन्या जागी व काही नव्या जागी असतो. अशा वेळी छायाचित्रे, दस्तऐवज हे प्रकारावरून शोधून काढणे एवढाच मार्ग उरतो, त्यात फाइलींची नावे मिळत नाहीत.

विल्हेवाट : याच कारणाने पार्टिशन पुसून डिस्क भंगारवाल्याला देणे म्हणजे डेटासह देणे होय. आधी संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहावीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुना संगणक नोंदणीकृत पुनर्चक्रण व्यवस्थेत जाणे अपेक्षित आहे.