‘अधिवास’चा रकाना आणि माळाचं काय झालं

वन्यजीव सर्वेक्षणाच्या नोंदपत्रकावर ‘ठिकाण’ आणि ‘अधिवास’ हे दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. पहिला कोणीही भरतो. दुसऱ्यापाशी पेन थबकतं आणि बरेचदा तिथेही गावाचंच नाव पडतं. थोडा दोष शब्दाचाही आहे. मराठीत अधिवास म्हटलं की आधी तहसील कचेरीतला दाखला आठवतो, राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा. प्राण्याच्या अधिवासात मुदतीला काही अर्थ नसतो. तो कशात राहतो एवढंच तिथे विचारलेलं असतं: खडक, माती, उतार, पाणी, सावली, गवत गुडघ्याएवढं की घोट्याएवढं.

जुन्या काळी हा रकानाच नव्हता. एकोणिसाव्या शतकातली पक्ष्याची नोंद म्हणजे भुसा भरलेल्या कातड्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी. तीवर गाव, तारीख, नर की मादी आणि गोळा करणाऱ्याचं नाव. सगळी भिस्त गावाच्या नावावर. ती किती महागात पडते हे रानपिंगळ्याने दाखवलं. या छोट्या घुबडाचा पहिला नमुना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधून मिळाला, पुढचे बहुतेक खानदेशातून. जगभरच्या संग्रहालयांत मिळून कातडी सातच. १८८४ नंतर पक्षी दिसलाच नाही, अपवाद फक्त एका चिठ्ठीचा. तीवर तापीकाठचं गुजरातेतलं मांडवी आणि १९१४ साल होतं. साहजिकच नंतरच्या शोधमोहिमा मांडवीच्या आसपास फिरत राहिल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या.

१९९० च्या दशकात ते कातडं नीट तपासलं गेलं. खानदेशात नेमणुकीवर असलेल्या एका मुलकी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात गोळा केलेला तो नमुना होता. एका नामांकित इंग्रज संग्राहकाने तो लंपास केला, नव्याने भरला आणि खोटी चिठ्ठी लावून आपल्या नावावर केला. मांडवी यादीतून गेली, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं उरली. आधी पूर्वेकडची पाहिली, मग शहादा. नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याला, विरळ कोरड्या सागवनात, रानपिंगळा दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसलेला दिसला. मध्ये ११३ वर्षं गेली होती. खऱ्या चिठ्ठ्यांवर ‘कोरडं, उघडं सागाचं रान’ एवढे शब्द ठळकपणे आले असते, तरी मांडवीबद्दल कोणाला आधीच शंका आली असती असं वाटतं. पण ही पश्चातबुद्धी झाली. आणि हा पक्षी एवढ्यावर थांबला नाही. २०१४ मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात सापडला, म्हणजे बऱ्याच ओलसर रानात. ‘कोरडं सागवन’ हेही पुरेसं उत्तर नव्हतं.

खरा गुंता मात्र अधिवासाची नोंद शिस्तीत आली तेव्हा सुरू झाला. ही शिस्त प्राण्यांच्या अभ्यासातून आलेली नाही, लाकडाच्या हिशेबातून आली. भारतातल्या वनप्रकारांचं वर्गीकरण १९३६ मध्ये एका ब्रिटिश वनाधिकाऱ्याने मांडलं आणि १९६८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात १६ मुख्य गट आहेत आणि प्रत्येक प्रकाराला सांकेतिक खूण. ‘५ए/सी३’ म्हणजे दक्षिणेकडचं कोरडं मिश्र पानगळीचं रान, ‘६ए’ने काटेरी वनं सुरू होतात. वनविभागाच्या कार्ययोजनेपासून पक्षिगणनेच्या कागदापर्यंत अधिवासाच्या जागी हीच खूण लिहायची सवय पडली. सोय मोठी होती हे कबूल करायला हवं. मेळघाटातला आणि चंद्रपूरचा वनरक्षक एकच भाषा बोलू लागले.

पण माळरानाची खूण बघा: ‘५/डीएस४’, कोरडं गवताळ रान. त्यातल्या ‘डीएस’चा अर्थ ‘ऱ्हासाची पायरी’. या वर्गीकरणाच्या मुळाशी एक गृहीतक आहे. पाऊस आणि उष्णता यांच्या मेळातून प्रत्येक भूभागाला एक ठरलेलं रान मिळायचंच असतं, आणि ते तिथे नसेल तर कुऱ्हाड, आग किंवा गुरं यांनी ते खाल्लेलं असणार. म्हणून बारामती-इंदापूरकडचा किंवा सोलापूरचा माळ कागदावर माळ म्हणून येतच नाही, हरवलेलं जंगल म्हणून येतो. सर्वेक्षकाने तिथे लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल असं सगळं टिपलं तरी वरच्या रकान्यातली खूण सांगते की ही जागा बिघडलेली आहे. बिघडलेल्या जागेची दुरुस्ती करायची असते. मग सलग समतल चर येतात, खड्डे येतात, गिरिपुष्प आणि सुबाभूळ येतात. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं सावलीखाली दबतात आणि उघड्यावर घरटी करणारे पक्षी उठून जातात. दोन अक्षरांवर एवढा भार टाकणं अतिशयोक्ती वाटेल, पण लागवडीसाठी जागा निवडताना ‘ऱ्हास पावलेलं’ हा शब्द किती कामाला येतो ते कागद पाहणाऱ्याला ठाऊक आहे.

उलट बाजूही आहे. अनेक टेकड्यांवर झाडं खरोखरच तोडली गेली, आणि आज गवत दिसतं तिथे पूर्वी पानगळीचं रान होतं याचे पुरावे काही ठिकाणी आहेत. वाद आहे तो एकच खूण सरसकट लावण्याचा. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी तुटलेलं रान आणि हजारो वर्षांचा माळ यांत फरक कसा करायचा? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अनपेक्षित वाट धरली. पश्चिम महाराष्ट्रातल्या तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा-काव्यांतल्या आणि लोकपरंपरेतल्या रानवनस्पती मोजल्या. ४४ जाती निघाल्या, त्यांतल्या २७ उघड्या माळाच्या आणि घनदाट रानाच्या अवघ्या तीन. पंढरपुरात कान्होपात्रेची आठवण सांगणारं झाड तरटीचं आहे, हे वारकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. तरटी हे कोरड्या, काटेरी मुलखातलं झाड. जुन्या ओव्या ही अधिवासाची नोंदच आहे, फक्त तिला रकाना नव्हता.

महसुलाच्या शब्दांनी गोंधळ वाढवला. सातबाऱ्यावर खडकाळ तुकडा ‘पोटखराबा’ होतो, गावाचं कुरण ‘गायरान’, कोकणातला डोंगरउतार ‘वरकस’. प्रश्न एकच होता, इथून सारा किती मिळेल. त्यांत गैर काही नाही, पण सर्वेक्षणाचे नमुने भरताना हेच शब्द उचलले गेले. २००० मध्ये देशातल्या ‘पडीक जमिनीं’चा नकाशासंग्रह निघाला, उपग्रहचित्रांवरून केलेला. त्यात झुडपी माळ आणि उघडा खडक दोन्ही पडीक.

खडकाचं उदाहरण म्हणजे सह्याद्रीतले सडे. जांभ्याचं पठार, वर काही बोटं माती, आठ महिने रखरखीत. लागवडीला निरुपयोगी, म्हणून कागदावर शून्य. पण पावसाळ्यात तिथे उकिडवं बसून पाहणाऱ्यांना एका सड्यावर पाच-सहा वेगळ्या जागा दिसल्या: पाणी साचणारे खळगे, वाहत्या पाण्याचे पातळ पट्टे, सैल दगडांखालचा ओलावा, कडेला साठलेली माती. वायतुऱ्याची फुलं डबक्यात, सीतेच्या आसवांची ओल्या पातळ थरात, आणि देवगांडूळ हा गांडुळासारखा दिसणारा उभयचर दगडाखाली. ‘सडा’ हा एक शब्द लिहिला तर यांतलं काहीच हाती लागत नाही. कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, पण बाजूच्या कित्येक सड्यांच्या नशिबी पवनचक्क्या आणि जांभ्याच्या खाणी आल्या.

जागेची हद्द नीट न टिपल्याचा आणखी एक परिणाम सोलापूरकरांनी अनेक वर्षं भोगला. माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्रफळ ८,४९६ चौरस किलोमीटर. माळाचे तुकडे शोधून त्यांभोवती रेघ मारण्याऐवजी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतले तालुके उचलले गेले. करमाळा, माढा, मोहोळ, कर्जत, श्रीगोंदा, सगळे आत. शेतं, बाजारपेठा, वस्त्या सुद्धा. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर शेतकऱ्याच्या मनात माळढोक म्हणजे खरेदी-विक्रीतली अडचण होऊन बसला होता, आणि पक्षी जवळजवळ संपला होता.

यंत्रांचा भाग थोडक्यात. २ मे २००० पर्यंत सामान्य माणसाच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घातलेली असे, साधारण १०० मीटरची. घाटमाथ्यावर १०० मीटर म्हणजे सड्यावरून थेट राईत. त्या दिवशी ती चूक काढून टाकली आणि ‘ठिकाण’चा रकाना एकाएकी नेमका झाला. २००६ पासूनच्या व्याघ्रगणनेत वनरक्षक आपल्या बीटमध्ये, म्हणजे गस्तीच्या हद्दीत, चालत जाऊन खाणाखुणांबरोबर झाडं, झुडपं, गवत, गुरांचा वावर असं सगळं लिहू लागला. २०१८ च्या फेरीत कॅमेरे २६,८३८ जागी लागले. वाघामुळे रानाचा अधिवास देशभर एका पद्धतीने नोंदला गेला. जिथे वाघ नाही त्या माळाला अशी पायपीट लाभली नाही.

ठिकाण इतकं नेमकं झाल्यावर ते लपवायची वेळ आली. दुर्मिळ फुलाचा पत्ता जाहीर होताच कंद उपटणारे पोचतात, घुबडाच्या घरट्यापाशी कॅमेऱ्यांची रांग लागते. म्हणून लोकांनी नोंदी टाकायच्या एका मोठ्या जागतिक संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचे अक्षांश-रेखांश ०.२ अंशाच्या चौकटीत झाकले जातात. आपल्याकडे ही चौकट सुमारे २२ किलोमीटर लांब-रुंद होते. सह्याद्रीत तेवढ्यात कोकणातली भातखाचरं, कड्याखालची राई, माथ्यावरचा सडा आणि पलीकडची ज्वारी सगळं मावतं. नोंद त्यातल्या कशात झाली ते निरीक्षकाने शब्दांत लिहिलं असेल तरच कळतं. त्या संकेतस्थळावर ती ओळ ऐच्छिक आहे.