फ्लायव्हीलची ‘फुकट वीज’: खुलासा
मोटरने फ्लायव्हील (जड चाक), त्याने जनरेटर आणि जनरेटरने पुन्हा तीच मोटर फिरवली की शेतपंप बिलाविना चालतो, असा दावा फिरतो. निपाणी-खानापूरकडे थ्री-फेज विजेची वाट पाहणाऱ्याला तो पटला तर नवल नाही.

हिशेब असा: १ एचपी, म्हणजे ७४६ वॅट देणारी मोटर सुमारे १००० वॅट खेचते. जनरेटर ८० टक्के कार्यक्षम धरला तरी परत मिळतात जेमतेम ६०० वॅट. यंत्रे जोडणाऱ्या पट्ट्याची घसर वेगळीच.

फ्लायव्हील ऊर्जा फक्त साठवते. २० किलोची, अर्धा मीटर व्यासाची भरीव चकती मिनिटाला १४४० फेऱ्यांवर सुमारे ७१०० ज्यूल धरते. ७४६ वॅटचा भार लावला की दहा सेकंदांत खेळ संपला.

तपासायचे तर बाहेरून येणारी मेन वीज तोडा, लपवलेली बॅटरी शोधा आणि पंप जोडून पाच मिनिटे चालवा. भाराविना चकती फिरत राहणे हा बेअरिंगचा गुण.