भावना चेहऱ्यावर की कटमध्ये?

28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून चित्रपट दाखवले, तेव्हा प्रत्येक फिल्म जेमतेम 50 सेकंदांची होती. कॅमेरा एका जागी रोवलेला, माणसं बहुतेक वेळा डोक्यापासून पायापर्यंत दिसणारी. त्यांच्या मनात काय चाललंय हे दाखवायची सोय अजून झाली नव्हती. ती पुढे झाली, आणि त्यात अभिनयाइतकाच वाटा कात्रीचा, म्हणजे फिल्मचे तुकडे कापून जोडण्याचा आहे.

1909 सालच्या 'द लोनली व्हिला'मध्ये अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथने दार फोडणारे चोर, आत कोंडलेल्या मायलेकी आणि त्यांच्याकडे धावत सुटलेला बाप हे तुकडे आलटून पालटून जोडले. बाप वेळेत पोचेल का, या एका प्रश्नावर प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. प्रेक्षकाला सगळं दिसतं, पण हात घालता येत नाही. धाकधूक तिथूनच येते.

क्रांतीनंतरच्या रशियात कोऱ्या फिल्मचा दुष्काळ होता. त्यामुळे मॉस्कोत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह आणि त्याचे विद्यार्थी जुन्याच फिल्मा कापून, जोडून शिकत. 1920च्या आसपास त्यांनी इव्हान मोझुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा शॉट एकदा सूपच्या बशीशी जोडला, एकदा शवपेटीशी. तिसऱ्या चित्राबद्दल वर्णनं वेगवेगळी आहेत: कुठे खेळणारी मुलगी, कुठे पहुडलेली बाई. त्याचा विद्यार्थी पुदोव्हकिनने लिहून ठेवलंय की लोकांनी नटाचं तोंड भरून कौतुक केलं: सूपसमोर तो विचारात बुडालेला, शवपेटीसमोर शोकाकुल. चेहरा मात्र तोच होता!

1992 साली स्टीफन प्रिन्स आणि वेन हेन्सली या अभ्यासकांनी हा प्रयोग नव्याने करून पाहिला, तेव्हा बहुतेकांना चेहऱ्यावर काहीच भावना दिसली नाही. तेवढ्याने कुलेशॉव्ह खोटा ठरत नाही. नुसते दोन तुकडे शेजारी ठेवणं पुरत नाही, एवढंच त्यातून कळतं. नटाची नजर वस्तूच्या दिशेशी जुळायला हवी, नाहीतर तो भलतीकडेच बघतोय असं वाटतं. वस्तू दाखवून झाल्यावर पुन्हा चेहऱ्यावर यायला हवं. आणि तिथे थांबायला हवं: सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 स्थिर चित्रं, या हिशोबाने 12 फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, तेवढ्यात चेहरा ओळखता येतो, वाचता येत नाही. घाईचा कट हा रिअ‍ॅक्शन शॉट, म्हणजे प्रतिक्रिया दाखवणारा शॉट, फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण.

ते 24चं माप आवाजामुळे पक्कं झालं. मूकपटात कॅमेऱ्याचं हँडल फिरवण्याचा वेग कमीजास्त चालून जाई. ध्वनी फिल्मच्या त्याच पट्टीवर आल्यावर वेग हलला की सूरही हलू लागला. मग पार्श्वसंगीताचा मोह आला. त्याला ठाम नकार दिला शांतारामबापूंनी, 1937च्या 'कुंकू'त. गाणी आहेत, पण प्रसंगांखाली वाद्यमेळ नाही. घड्याळाच्या टिकटिकीसारखे त्या घरातलेच आवाज. नटाच्या चेहऱ्यावर दुःख उमटण्याआधीच व्हायोलिन सुरू झालं, तर प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. नवशिक्या संकलकाने हा चित्रपट डोळे मिटून ऐकावा.

1958च्या 'व्हर्टिगो'त हिचकॉकने ट्रॉली (कॅमेऱ्याची गाडी) आणि झूम एकाच वेळी उलट दिशांना चालवून उंचीची भीती पडद्यावर आणली. जिन्याचा तो शॉट छोट्या प्रतिकृतीवर, ती आडवी ठेवून घेतला होता. गणित सोपं आहे: चेहऱ्यापासून 2 मीटरवर झूम लेन्सच्या 25 मिमी नाभीय अंतराने सुरुवात केली, तर 4 मीटरवर पोचेपर्यंत 50 मिमी व्हायला हवं. चेहरा तेवढाच राहतो, मागची भिंत अंगावर येते. दोन्ही वेग जुळले नाहीत तर चेहरा फुगतो, आक्रसतो, आणि भीतीऐवजी यंत्रच नजरेत भरतं.

वॉल्टर मर्च या संकलकाने कट निवडताना कशाला किती वजन द्यायचं ते आकड्यांत मांडलं: भावना 51 टक्के, कथा 23, लय 10, प्रेक्षकाच्या नजरेचा प्रवास 7, पडद्यावरची सपाट मांडणी 5, आणि प्रसंगातल्या खऱ्याखुऱ्या जागेत कोण, काय कुठे आहे याचा मेळ 4. म्हणजे पेला एका शॉटमध्ये डाव्या हातात आणि पुढच्यात उजव्या हातात गेला, पण रडू तिथेच आवरत असेल, तर कट तिथेच.