टर्मिनलमधील कर्सर-नियंत्रण

टर्मिनलच्या, म्हणजे आदेश टाइप करून संगणक चालवण्याच्या, खिडकीत कर्सर हव्या त्या जागी नेणे, छापलेला मजकूर पुसणे आणि वर सरकणाऱ्या ओळींना हद्द घालणे, याला कर्सर-नियंत्रण म्हणतात. युनिक्स-लिनक्सच्या टर्मिनलमध्ये त्यासाठी वेगळी वाट नसते. छापायच्या अक्षरांतच हुकूम मिसळून पाठवतात.

सुरुवातीची टर्मिनले ही संगणकाला जोडलेली यंत्रे होती; ती कागदावर छापत, आणि कागद पुढेच सरके. त्या काळातली दोन चिन्हे आजही चालतात: ‘लाइन फीड’ (अक्षरांच्या संकेत-यादीत क्रमांक १०) कर्सर एक ओळ खाली नेते, तर ‘कॅरेज रिटर्न’ (क्रमांक १३) त्याच ओळीच्या आरंभी आणते. डाउनलोडची टक्केवारी एकाच ओळीत बदलत राहते ती बहुधा या दुसऱ्या चिन्हामुळे. मात्र त्याने जुनी अक्षरे पुसली जात नाहीत. ‘शिल्लक १०’ वर ‘शिल्लक ९’ छापले, तर पडद्यावर ‘शिल्लक ९०’ दिसते! म्हणून उरलेली ओळ पुसण्याचा हुकूम सोबत द्यावा लागतो.

पडद्याची टर्मिनले आली तेव्हा प्रत्येक कंपनीचे हुकूम निराळे होते. १९७६ मध्ये एक्मा-४८ हे मानक आले आणि १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलने ही पद्धत रूढ केली. हुकुमाची सुरुवात एस्केप (क्रमांक २७) आणि डावा चौकोनी कंस यांनी होते. पुढे ‘१०;५’ आणि मोठा एच लिहिला की कर्सर दहाव्या ओळीच्या पाचव्या रकान्यात जातो. आधी ओळ, मग रकाना. मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यात १ पासून. विंडोजच्या कन्सोलमध्ये (तिथल्या टर्मिनलमध्ये) कर्सर हलवण्याच्या जुन्या फंक्शनमध्ये मात्र रकाना आधी आणि मोजणी ० पासून. तिथून आलेल्यांची इथे हमखास गफलत होते. विंडोजच्या कन्सोलला हे हुकूम थेट कळू लागले ते विंडोज १० पासून.

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरला जाणारा हुकूम स्क्रोलची हद्द आखण्याचा. २४ ओळींच्या पडद्यावर एस्केप व कंसानंतर ‘१;२३’ आणि लहान आर पाठवला, की पहिल्या २३ ओळीच सरकतात; चोविसावी जागची हलत नाही. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ‘ॲप्ट’ या आदेशाने पॅकेज (सॉफ्टवेअर) बसवताना वर नोंदी धावत असतात आणि तळाशी प्रगतीची पट्टी स्थिर राहते, ती याच युक्तीने. हद्द आखताच कर्सर पहिल्या ओळीच्या आरंभी उडी घेतो. त्यामुळे आधी एस्केप आणि लगेच ७ (मध्ये कंस नाही) पाठवून त्याची जागा जपून ठेवावी आणि नंतर तसेच एस्केप आणि ८ पाठवून तिथे परतावे.

काम संपल्यावर हद्द उठवणे ही प्रोग्रॅमची जबाबदारी. तो मध्येच बंद पडला, तर हद्द तशीच राहते आणि पुढचे सगळे आदेश वरच्या तुकड्यातच सरकत बसतात. अशा वेळी लिनक्सवर ‘रीसेट’ (reset) हा आदेश टाइप करून एंटर दाबावे; टाइप केलेली अक्षरे पडद्यावर धड दिसली नाहीत, तरी आदेश लागू होतो.