१ वॅट, पण कुठला? १३६ किलोहर्ट्झची पार्श्वभूमी

१९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, २०० मीटरहून कमी तरंगलांबीवर हाकललं. तिथल्या आखूड लहरी तेव्हा कुणालाच नको होत्या. पंधरा वर्षांत पारडं फिरलं: १९२७ साली खडकीहून इंग्लंडशी बिनतारी सेवा सुरू झाली ती शॉर्टवेव्हवरच, आणि तिकडून येणारे संदेश दौंडला घेतले जात. लाँगवेव्हचं, म्हणजे लांब लहरींचं, शहाणपण मोठ्या केंद्रांपाशी राहिलं. स्वीडनमधलं ग्रिमेटन हे त्यातलं अजून चालतं-बोलतं: १९२४ चं बांधकाम, १२७ मीटरचे सहा मनोरे, १७.२ किलोहर्ट्झ. हॅम लोकांना जे पुढे नव्याने 'सापडलं', त्यातलं बरंचसं तिथल्या इंजिनिअरांना तोंडपाठ होतं.

हौशींचं या लांब लहरींच्या भागात परतणं अगदी अलीकडचं. अमेरिकेत १६० ते १९० किलोहर्ट्झवर विनापरवाना खेळायची मुभा होती, पण इनपुट १ वॅट आणि फीडलाइन (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतची तार) धरून अँटेना १५ मीटर. ब्रिटनने १९९६ मध्ये ७३ किलोहर्ट्झचा तुकडा दिला आणि २००३ मध्ये काढूनही घेतला. १९९७ च्या युरोपीय शिफारशीने १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ, म्हणजेच १३६ चा पट्टा, पुढे आलं, २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ते सगळ्यांसाठी मान्य केलं.

खरा गोंधळ इथेच आहे. युरोपीय शिफारशीत मर्यादा होती १ वॅट ईआरपी (अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती, एका ठराविक अँटेनाशी तुलना करून मोजलेली), जागतिक परिषदेने लिहिली १ वॅट ईआयआरपी. एका 'आय'चा फरक, म्हणून अनेकांनी दुर्लक्ष केलं. पण ईआरपीची तुलना अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलशी, म्हणजे मधोमध जोडणी दिलेल्या साध्या सरळ तारेशी, असते, ईआयआरपीची सर्व दिशांना सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी. त्यामुळे १ वॅट ईआरपी म्हणजे १.६४ वॅट ईआयआरपी. त्यात मीडियमवेव्ह प्रक्षेपणवाल्यांचा तिसरा हिशोब, जमिनीवरच्या आखूड उभ्या अँटेनाशी तुलना करणारा. त्या मापाने १ वॅट म्हणजे ३ वॅट ईआयआरपी. तिघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणूनच भांडण मिटत नाही.

हे नुसतं कागदी कीस पाडणं नाही. परसातली १० मीटर उंच तार घ्या, वर ४० मीटर आडवी तार. तरंगलांबी २२०० मीटर, त्यामुळे अशा अँटेनाचा रेडिएशन रेझिस्टन्स (रोधाचा तो वाटा, जो खरोखर लहरी फेकण्यात खर्च होतो) फार तर ०.०३ ओहम. जमीन, झाडं, घर मिळून ६० ओहम खातात. १ वॅट ईआयआरपीसाठी ३.२ अँपिअर करंट हवा, म्हणजे ट्रान्समीटर जेमतेम ६०० वॅटचा. तोच १ वॅट ईआरपी मानला तर १००० वॅट, आणि तिसऱ्या हिशोबाने १८०० च्या वर. माझ्या मते परिषदेने शब्द नीट निवडला. तरी जुन्या सवयीने ईआरपी म्हणणारे आजही भेटतात.

त्या तारेची कपॅसिटी साधारण २६० पिकोफॅरड, म्हणून अँटेना जुळवून घ्यायला (ट्यून करायला) तळाशी ५ मिलिहेन्रीहून थोडी मोठी कॉइल लागते. ६०० वॅट दिले की कॉइलच्या वरच्या टोकाला १४ हजार व्होल्ट. रात्री तारेच्या टोकाशी निळसर झळाळी दिसली, ओझोनचा वास आला, की हौशी माणूस दचकतो. जुन्या केंद्रांत ते रोजचंच होतं, त्यावर गुळगुळीत गोळे आणि जाड तारा हा उपायही ठरलेला होता. पाऊस पडला की झाडं भिजतात, ट्युनिंग काही शे हर्ट्झ सरकतं, आणि कॉइलच्या आत फिरणारं दुसरं वेटोळं, व्हेरिओमीटर, हवंच होतं असं उमगतं. तेही शंभर वर्षांपूर्वीचंच. छोट्या अँटेनाच्या मर्यादा १९४०च्या दशकात गणिताने सिद्ध झाल्या, तरी 'चमत्कारी' अँटेनाच्या जाहिराती पन्नास वर्षांनीही खपत होत्या.

हौशींनी स्वतःची भर घातली ती वेगाच्या बाबतीत, म्हणजे वेग कमी करण्यात. मोर्सचा एक डॉट ३ सेकंदांचा, मग १०, मग चक्क ६०. कानाने नव्हे, संगणकाच्या पडद्यावर रेघा वाचायच्या. २००१ मध्ये इंग्लंड-कॅनडा दुतर्फा संपर्क असाच, कित्येक रात्री जागून झाला. २००८ पासून डब्ल्यूएसपीआर आला: एक छोटा संदेश दोन मिनिटं संथपणे पाठवायची संगणकी पद्धत. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत या पट्ट्यात विजांचा खरखराट इतका, की अशी संथ पद्धत ही चैन नव्हे, गरज.

अमेरिकेत १३६ किलोहर्ट्झची परवानगी २०१७ मध्येच मिळाली. २००३ मध्ये नकार आला होता, कारण वीज कंपन्या याच फ्रिक्वेन्सीवर हायव्होल्टेज तारांमधून नियंत्रणाचे सिग्नल पाठवतात. आता अशा तारेपासून किलोमीटरभर अंतर ठेवावं लागतं, आधी कळवावंही लागतं. अँटेना ६० मीटरहून उंच चालत नाही.

आणि तो १ वॅट मोजायचा कसा? अँटेना करंटवरून हिशोब सोपा, पण झाडं-घरं परिणामकारक उंची कमी करतात. म्हणून लूप (वेटोळ्याची छोटी अँटेना) घेऊन गाडीने किलोमीटर-दोन किलोमीटर दूर जाऊन फील्ड मोजतात. साडेतीनशे मीटरच्या आत मोजलं तर नियर-फील्डच, म्हणजे अँटेनाला चिकटून असलेलं, दूर न जाणारं फील्ड, फसवतं. बहुतेकांचा आकडा हिशोबापेक्षा काही डेसिबल कमीच निघतो.